रांग दिसण्याआधी: विमानतळावरील प्रवाशांचा ओघ आणि प्रतीक्षा वेळ यांचे नियोजन

विमानतळावरची रांग बहुतेक वेळा अचानक उद्भवत नाही. कोणते विमान किती वाजता सुटणार, त्यात किती आसने विकली गेली आहेत आणि त्याचे प्रवासी साधारण किती आधी टर्मिनलमध्ये पोहोचतात, या तिन्ही गोष्टी आदल्या दिवशीच ठाऊक असतात. त्यामुळे पहाटे साडेपाचला सुरक्षा तपासणीपुढे किती गर्दी होणार हे आदल्या संध्याकाळी कागदावर मांडून दाखवता येते. असे असूनही अनेक टर्मिनलांवर जादा लेन उघडण्याचा निर्णय रांग डोळ्यांना दिसू लागल्यावरच घेतला जातो आणि तोवर उशीर झालेला असतो. टर्मिनलच्या रोजच्या कामकाजाची जबाबदारी ज्यांच्यावर असते, म्हणजे ड्यूटी मॅनेजर, काउंटरांचे वाटप करणारे आणि तपासणी कर्मचाऱ्यांच्या पाळ्या लावणारे, त्यांना हा उशीर कसा टाळता येईल याची पद्धत येथे मांडली आहे.

घड्याळ कुठे सुरू करायचे

प्रवासी रांगेच्या शेपटाला येऊन उभा राहतो त्या क्षणी घड्याळ सुरू झाले पाहिजे, आणि त्याचा पहिला ट्रे तपासणीच्या पट्ट्यावर चढतो किंवा काउंटरवरचा कर्मचारी त्याची कागदपत्रे हातात घेतो तेव्हा ते थांबले पाहिजे. बोर्डिंग पास स्कॅन करण्याच्या दाराशी घड्याळ सुरू केले, तर दाराबाहेर साचलेली गर्दी हिशेबातच येत नाही; अहवालात सहा मिनिटे दिसतात आणि प्रवासी मात्र पंचवीस मिनिटे उभा राहिलेला असतो. असे अहवाल कोणाच्याच उपयोगाचे नसतात, तरीही ते वर्षानुवर्षे तयार होत राहतात, कारण स्कॅनची नोंद आयती मिळते.

सर्वांत स्वस्त आणि अजूनही विश्वासार्ह उपाय म्हणजे वेळ लिहिलेले कार्ड. दर पंधरा मिनिटांनी रांगेतल्या शेवटच्या प्रवाशाच्या हाती कार्ड द्यावे, पुढे पोहोचल्यावर ते परत घ्यावे आणि दोन वेळांतला फरक नोंदवावा. छतावर बसवलेले त्रिमितीय सेन्सर डोकी मोजतात आणि प्रत्येकाचा मार्ग टिपतात. खर्च परवडत असेल तर ते उत्तमच. मोबाइल फोनच्या ब्लूटूथ आणि वाय-फाय संकेतांवरून प्रतीक्षा वेळ काढणारी यंत्रणाही अनेक ठिकाणी आहे, परंतु आताचे फोन आपली ओळख पटवणारा हार्डवेअर पत्ता बदलून बदलून दाखवतात, त्यामुळे केवळ तिच्यावर विसंबू नये. यंत्रणा कोणतीही असो, अधूनमधून कार्डांनी तिची पडताळणी करणे सोडू नये.

आकड्यांची खातरजमा करण्यासाठी एक साधे सूत्र हाताशी ठेवावे. जॉन लिटल यांनी १९६१ मध्ये सिद्ध केलेल्या नियमानुसार रांगेतील माणसांची सरासरी संख्या ही येण्याचा दर आणि सरासरी प्रतीक्षा यांच्या गुणाकाराएवढी असते. रांगेत ९० माणसे असतील आणि मिनिटाला ६ माणसे पुढे सरकत असतील, तर शेवटच्या माणसाला सुमारे १५ मिनिटे लागणार. सेन्सर त्याच वेळी ८ मिनिटे दाखवत असेल, तर सेन्सर तरी चुकतो आहे किंवा रांगेचा काही भाग त्याच्या नजरेबाहेर आहे.

दिवसभराच्या सरासरीवर मात्र विश्वास ठेवू नये. दुपारी ओस पडलेल्या हॉलमधले शून्य मिनिटांचे आकडे सकाळच्या अर्ध्या तासाच्या रांगेवर पांघरूण घालतात. दिवसाचे पंधरा-पंधरा मिनिटांचे तुकडे करावेत आणि प्रत्येक तुकड्यात १०० पैकी ९५ प्रवासी किती मिनिटांच्या आत पुढे गेले हे पाहावे. ज्या प्रवाशाचे विमान चुकते तो नेहमी उरलेल्या पाचांपैकी असतो.

लक्ष्य ठरवताना दोन आंतरराष्ट्रीय संदर्भ उपयोगी पडतात. आंतरराष्ट्रीय नागरी विमान वाहतूक संघटनेच्या नवव्या परिशिष्टात जाणाऱ्या प्रवाशाच्या सर्व औपचारिकता मिळून ६० मिनिटांत आणि येणाऱ्या प्रवाशाच्या ४५ मिनिटांत आटोपाव्यात, असे उद्दिष्ट सुचवलेले आहे. आयाटा या विमान कंपन्यांच्या आंतरराष्ट्रीय संघटनेच्या टर्मिनल नियोजनाच्या निकषांत इकॉनॉमी वर्गाच्या चेक-इन काउंटरसाठी १० ते २० मिनिटे आणि सुरक्षा तपासणीसाठी ५ ते १० मिनिटे ही प्रतीक्षा इष्टतम मानली जाते, आणि त्याहून कमी प्रतीक्षा म्हणजे गरजेपेक्षा जास्त क्षमता उभारल्याचे लक्षण समजले जाते. हे दुसरे विधान प्रवाशाला खटकेल, पण नियोजकाने ते लक्षात ठेवावे: शून्य रांगेचे वचन देणारा माणूस रिकाम्या बसलेल्या कर्मचाऱ्यांचा खर्च कोणाच्या तरी माथी मारत असतो.

विमानांच्या वेळापत्रकावरून गर्दीचा अंदाज

अंदाजाचा कच्चा माल म्हणजे विमानांचे वेळापत्रक, प्रत्येक विमानाची आसनसंख्या आणि अपेक्षित भरणा. १८० आसनांचे विमान ८५ टक्के भरणार असेल तर १५३ प्रवासी येतील. हे १५३ जण एकदम येत नाहीत. सुटण्याच्या वेळेआधी किती मिनिटे किती टक्के प्रवासी पोहोचतात याचा एक आराखडा असतो, आणि संपूर्ण नियोजनाची मदार त्याच्यावरच असते.

हा आराखडा आपल्याच टर्मिनलच्या नोंदींवरून तयार करावा, दुसरीकडचा उसना आणू नये. बोर्डिंग पासच्या स्कॅनमध्ये विमान क्रमांक आणि वेळ दोन्ही मिळतात, म्हणून काही आठवड्यांच्या नोंदींवरून तो सहज निघतो. मात्र सर्व विमानांसाठी एकच आराखडा वापरण्याचा मोह आवरावा. लांब पल्ल्याच्या विमानाचे, मोठ्या सामानाचे प्रवासी लवकर येतात. फक्त हातातली बॅग घेऊन निघालेला, ऑनलाइन चेक-इन केलेला प्रवासी काउंटरकडे फिरकतच नाही आणि उशिरा थेट सुरक्षा तपासणीपुढे उभा राहतो. भल्या पहाटेच्या पहिल्या विमानांचे प्रवासी सुटण्याच्या वेळेच्या मानाने उशिरा येतात, कारण त्याहून आधी कोणी घर सोडायला तयार नसते. त्यामुळे ती गर्दी थोड्या वेळात दाटते. निदान देशांतर्गत, आंतरराष्ट्रीय आणि पहाटेची विमाने एवढे तीन आराखडे तरी वेगळे असावेत.

सर्व विमानांचे आराखडे एकमेकांवर रचले की पंधरा मिनिटांच्या प्रत्येक तुकड्यात किती माणसे येणार हे दिसते. यानंतरची पायरी बरेचदा राहून जाते. सुरक्षा तपासणीपुढे येणारा ओघ हा चेक-इनमधून बाहेर पडणारा ओघ असतो. चेक-इनला काउंटर कमी असतील तर ते सुरक्षा तपासणीची गर्दी अडवून धरतात; तिथे काउंटर वाढवले की सगळे लोक पंधरा मिनिटे आधी आणि जास्त दाटीने पुढच्या दारात जाऊन उभे राहतात. म्हणून चेक-इनच्या क्षमतेत बदल करणाऱ्याने सुरक्षा तपासणीच्या पाळ्या लावणाऱ्याला तो आधी कळवलाच पाहिजे.

एक तासाच्या उशिराचा हिशेब

रांगेच्या बाबतीत वेळेवर आणि उशिरा यांतला फरक किती मोठा असतो, हे कल्पित पण अगदी साध्या आकड्यांवरून पाहू. एका तपासणी नाक्यावर चार लेन चालू आहेत आणि प्रत्येक लेनमधून तासाला १५० प्रवासी जातात, म्हणजे एकूण मिनिटाला १०. पाच ते साडेपाच या वेळात मिनिटाला १२ प्रवासी येतात, साडेपाच ते सहा या वेळात १३ येतात आणि सहानंतर ओघ पुन्हा मिनिटाला १० वर येतो.

पहिल्या अर्ध्या तासात दर मिनिटाला २ माणसे उरतात, म्हणून साडेपाचला रांगेत ६० जण असतात आणि प्रतीक्षा ६ मिनिटांची असते. एवढ्याने कोणी अस्वस्थ होत नाही. पुढच्या अर्ध्या तासात दर मिनिटाला ३ जणांची भर पडते आणि सहा वाजता १५० जण १५ मिनिटांच्या रांगेत उभे असतात. आता फोन वाजू लागतात आणि पाचवी लेन उघडली जाते. मिनिटाची क्षमता साडेबारा होते, रांग दर मिनिटाला अडीच माणसांनी घटते आणि ती संपायला पूर्ण एक तास लागतो. हीच पाचवी लेन पाच वाजता उघडली असती, तर पहिल्या अर्ध्या तासात रांग जवळजवळ लागलीच नसती, सहा वाजता अवघे १५ जण असते, प्रतीक्षा सव्वा मिनिटाच्या आसपास राहिली असती आणि सहा मिनिटांत सगळे निवळले असते. दोन्ही वेळा लेन एकच आणि कर्मचारी तेवढेच. उशिरा उघडली तेव्हा तर ती सातपर्यंत चालवावी लागली, शिवाय शेकडो प्रवाशांचा वेळ गेला.

यावरून नियम असा ठरवावा की लेन उघडण्याचा निर्णय रांगेच्या लांबीवर न घेता अंदाजित ओघावर घ्यावा, आणि अंदाज चालू क्षमतेच्या ८५ ते ९० टक्क्यांच्या पुढे जाणार असेल तर ओघ तिथवर पोहोचण्याआधीच पुढची लेन तयार असावी. ही मर्यादा १०० टक्के का नाही, याचे उत्तर रांगांच्या गणितात आहे. डेन्मार्कचे अॅग्नर एर्लांग यांनी १९०९ मध्ये टेलिफोन एक्सचेंजच्या अभ्यासातून ज्या शास्त्राचा पाया घातला, ते सांगते की लोक अनियमितपणे येत असतील आणि प्रत्येकाच्या कामाला लागणारा वेळही कमीजास्त असेल, तर क्षमता पूर्ण वापरली जाण्याच्या कितीतरी आधीपासून प्रतीक्षा झपाट्याने वाढते. एका माणसाचे काम सरासरी एका मिनिटात उरकणारा एकच काउंटर घेतला, तर तो ८० टक्के व्यग्र असताना सरासरी प्रतीक्षा ४ मिनिटे, ९० टक्क्यांना ९ मिनिटे आणि ९५ टक्क्यांना १९ मिनिटे येते. लेन अनेक असतील तर आकडे सौम्य होतात, पण चढण तशीच राहते. कर्मचारी शंभर टक्के कामात आहेत याचा अभिमान बाळगणाऱ्या व्यवस्थापकाच्या हॉलमध्ये रांग असणारच.

लेनच्या आत काय अडते

जादा लेन उघडण्याआधी चालू लेनमधून अपेक्षेइतके प्रवासी जात आहेत का, हे तिथे उभे राहून पाहावे. कागदावर १५० असणारी लेन प्रत्यक्षात १०० चीच निघण्याची कारणे दूरच्या कार्यालयात बसून कळत नाहीत.

पहिली अडचण सामान काढून ठेवण्याच्या टेबलाशी असते. ट्रे एकामागोमाग एकच सरकत असेल तर खिशातली नाणी शोधणारा एक प्रवासी मागच्या सर्वांना थांबवतो, आणि त्याच्या पुढे यंत्राचा पट्टा रिकामा फिरत राहतो. तीन-चार प्रवाशांना शेजारीशेजारी उभे राहून आपापला ट्रे भरता येईल आणि ज्याचा आधी भरेल तो आधी पुढे ढकलता येईल अशी मांडणी केली, तर तोच पट्टा कितीतरी जास्त माणसे घेतो. रांगेच्या शेवटच्या वळणावर एक कर्मचारी उभा करून कमरेचा पट्टा, घड्याळ आणि पाण्याची बाटली यांची आठवण करून देणे, हा लहानसा उपायही टेबलावरचा वेळ स्पष्टपणे कमी करतो. संगणकीय टोमोग्राफीवर चालणारी, म्हणजे बॅगेची त्रिमितीय प्रतिमा घेणारी यंत्रे असतील आणि नियम परवानगी देत असतील, तर लॅपटॉप आणि द्रवपदार्थ बॅगेतच राहू शकतात; तेव्हा ट्रेंची संख्या घटते आणि सर्वांत मोठा फायदा इथेच मिळतो.

दुसरी अडचण पलीकडच्या टोकाला असते आणि तिच्याकडे क्वचितच कोणाचे लक्ष जाते. तपासणी झालेला प्रवासी रोलरपाशीच उभा राहून बूट घालतो, पट्टा बांधतो, बॅग लावतो. त्याचा रिकामा ट्रे तिथेच पडून राहतो, मागचे ट्रे त्याला टेकतात आणि अखेर यंत्राचा पट्टाच थांबतो. म्हणजे रांग सुरुवातीला दिसते, पण तिचे कारण शेवटी असते. चार पावले पुढे बाकडी ठेवावीत, ट्रे उचलून तिकडे जाण्याची सूचना नजरेच्या उंचीवर लावावी, आणि रिकामे ट्रे सुरुवातीला परत नेण्याचे काम गर्दीच्या वेळी एका माणसाकडे ठरवून द्यावे. सुरुवातीला ट्रे संपले म्हणून थांबलेली लेन पाहणे फार क्लेशदायक असते.

तिसरी अडचण म्हणजे पुन्हा तपासायच्या बॅगा. त्यांच्यासाठी वेगळा पट्टा नसेल, तर एक संशयित बॅग पूर्ण लेन अडवते. बॅगा बाजूला काढण्याचे प्रमाण लेननिहाय नोंदवावे. एखाद्या लेनचे प्रमाण सतत जास्त असेल तर त्यामागे बहुधा टेबलापाशी दिलेल्या अपुऱ्या सूचना असतात. सुरक्षेची पातळी कमी करून वेग वाढवण्याचा विचारही करू नये. पडद्यावरची प्रतिमा वाचणाऱ्या कर्मचाऱ्याला वेळेवर बदलणेही तितकेच आवश्यक आहे. युरोपीय संघाच्या नियमांत सलग २० मिनिटांहून अधिक काळ प्रतिमा पाहू नये आणि त्यानंतर किमान १० मिनिटे त्या कामातून सुटी असावी, अशी तरतूद आहे. पाळ्या लावताना ही अदलाबदल हिशेबात धरली नाही, तर गर्दीच्या ऐन मध्यावर लेन बंद ठेवावी लागते.

रांगेची मांडणी आणि प्रवाशाला दिलेली माहिती

प्रत्येक काउंटरपुढे वेगळी रांग ठेवण्यापेक्षा सर्वांसाठी एकच नागमोडी रांग ठेवावी. एखाद्या कुटुंबाच्या कागदपत्रांत अर्धा तास गेला तरी त्यांच्या मागच्यांचे नशीब त्यांना बांधलेले राहत नाही, आणि आपल्या नंतर आलेला आपल्या आधी गेला ही चीड उरत नाही. या पद्धतीत एक तोटा आहे. रांगेचे टोक आणि लांबचा काउंटर यांत वीस पावलांचे अंतर असेल, तर प्रत्येक प्रवासी चालत येईपर्यंत तो काउंटर रिकामा राहतो. यावर उपाय म्हणजे टोकाशी दिशा दाखवणारा माणूस ठेवणे आणि प्रत्येक काउंटरवर काम चालू असलेल्या प्रवाशामागे आणखी एकाला आधीच उभे करून ठेवणे. गर्दी ओसरल्यावर पट्ट्यांचे खांब हलवून वाट सरळ करावी. रिकाम्या हॉलमध्ये सात वळणे घ्यायला लावलेला प्रवासी व्यवस्थेवरचा विश्वास गमावतो. लहान मुलांसह आलेली कुटुंबे आणि चाकाच्या खुर्चीवरचे प्रवासी यांना रुंद, वेगळी वाट द्यावी.

सुटायला आलेल्या विमानाच्या प्रवाशांना पुढे बोलावून घेण्याची प्रथा आवरती ठेवावी. ती कधीमधी लागतेच, पण रोज लागत असेल तर वेळेवर आलेल्यांना शिक्षा होते आणि उशिरा येणाऱ्यांना सवय लागते. गर्दीच्या तासांत आधी वेळ राखून येणाऱ्यांसाठी एक लेन वेगळी ठेवण्याचा प्रयोग काही विमानतळांवर चांगला चालला आहे, कारण त्यामुळे ओघाचा थोडा भाग गर्दीच्या कडेला सरकतो.

फलकावर प्रतीक्षा वेळ दाखवताना नेमका आकडा न देता '१० ते १५ मिनिटे' असा पल्ला द्यावा आणि अंदाज किंचित वरचा ठेवावा. बारा मिनिटे सांगून वीस लावण्यापेक्षा पंधरा सांगून तेरा लावलेले लोकांना चालते. रांग थांबली तर कारण सांगावे. न सांगितलेले कारण प्रवासी स्वतःच तयार करतात आणि ते क्वचितच व्यवस्थापनाच्या बाजूचे असते.

'लवकर या' असे सरसकट आवाहन करण्याआधी दोनदा विचार करावा. प्रवासी चार-पाच तास आधी आले, तर त्यांचे चेक-इन काउंटर उघडलेलेच नसतात, ते हॉलमध्ये जागा अडवून बसतात, आणि तपासणीचा ओघ पाळी सुरू होण्याआधीच्या वेळेत सरकतो. त्यापेक्षा विमानानुसार वेळ सांगावी. आणि मनुष्यबळ मुळातच अपुरे असेल, तर मागणी कमी करणे हाच प्रामाणिक उपाय उरतो. २०२२ च्या उन्हाळ्यात लंडनच्या हीथ्रो विमानतळाने जाणाऱ्या प्रवाशांवर दिवसाला एक लाखाची मर्यादा घातली आणि विमान कंपन्यांना नवी तिकिटे विकणे थांबवायला सांगितले. कंपन्या नाराज झाल्या, परंतु त्या हॉलमध्ये त्या वेळी दुसरे काय करता आले असते, हे सांगणे कठीण आहे.

येणाऱ्यांची बाजू

येणारे प्रवासी ढगफुटीसारखे येतात. रुंद विमानातून तीनशे जण पंधरा-वीस मिनिटांत इमिग्रेशनपुढे थडकतात, आणि अशी दोन विमाने पाठोपाठ उतरली की सर्व काउंटर उघडूनही रांग टळत नाही. इथे सर्वांत स्वस्त साधन म्हणजे गेटचे वाटप. एक विमान जवळच्या गेटवर आणि दुसरे दूरच्या गेटवर लावले, तर चालण्याचे अंतरच ओघाला दोन भागांत विभागते. पासपोर्ट यंत्राने तपासणारी स्वयंचलित ई-गेट असतील तर त्यांनी नाकारलेल्या प्रवाशासाठी बाजूलाच एक काउंटर ठेवावा. त्याला मुख्य रांगेच्या शेवटी परत पाठवणे अन्यायाचे आहे आणि त्यामुळे लोक ई-गेट वापरायलाच कचरतात.

इमिग्रेशनचा वेग वाढवताना सामानाचा पट्टा पाहिल्याशिवाय खर्च करू नये. पहिली बॅग पंचविसाव्या मिनिटाला येणार असेल, तर इमिग्रेशन दहा मिनिटांत उरकून प्रवाशाच्या हाती काहीच पडत नाही. रांग फक्त पट्ट्याभोवती हलते, आणि तिथे ती जास्त त्रासदायक असते.

एका टेबलाभोवती बसणे

चेक-इन विमान कंपनीचे, तपासणी सुरक्षा दलाची, पासपोर्ट सरकारी खात्याचे आणि सामान ग्राउंड हँडलिंग कंपनीचे, अशी वाटणी असल्यामुळे प्रत्येक जण आपला टप्पा सुधारतो आणि प्रवासी मात्र चारही टप्प्यांतून जातो. विमानांच्या बाबतीत ही अडचण युरोपीय विमानतळांनी सामाईक निर्णयपद्धतीने बरीचशी सोडवली. म्युनिकमध्ये ती २००७ मध्ये पूर्णपणे लागू झाली, आणि विमान निघायला कधी तयार होणार ही वेळ सर्वांना एकाच पडद्यावर दिसू लागली. प्रवाशांच्या ओघासाठीही तेच करावे. आठवड्याचा अंदाज पाळ्या लावण्यासाठी, आदल्या दिवशीचा अंदाज जागा बदलण्यासाठी आणि तासाभराचा अंदाज जेवणाची सुटी मागेपुढे करण्यासाठी, असे तीन अंदाज सर्व संस्थांना एकाच वेळी मिळावेत. हाताशी असलेली लवचीकता बहुधा याच सुट्यांत दडलेली असते.

विमाने रद्द होऊ लागली की वरचे सर्व गणित बाजूला पडते, कारण पुढून माणसे बाहेर पडणे थांबते आणि मागून येणे चालूच राहते. तेव्हा आधी आत येणारा ओघ रोखावा, तपासणी झालेल्यांना बाहेर पडण्याची उलटी वाट उघडावी, आणि नवे तिकीट फोनवरच मिळेल अशी सोय करून काउंटरपुढची रांग फोडावी. या वाटेचा सराव शांत दिवशी झालेला नसेल, तर ऐन वेळी तिच्या दाराची किल्ली सापडत नाही.

विमानांचे वेळापत्रक वर्षातून दोनदा, मार्चच्या आणि ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी बदलते. त्या दोन्ही वेळी आगमनाचे आराखडे आणि लेनची प्रत्यक्ष क्षमता नव्याने मोजावी, आणि नवे आकडे हाती येईपर्यंत पहिले दोन आठवडे गर्दीच्या तासांत एक लेन जादा धरून पाळ्या लावाव्यात.